लाकूड फिरते, आस हलू नये

कुंभकोणमहून मायिलादुतुरैकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कावेरीचे पाणी प्यालेली भातखाचरे लागतात. मधूनच नारळाची रांग, केळीची बाग, लांबवर एखादे गोपुर आणि पुन्हा खाचरे. याच वाटेवर नरसिंगमपेट्टै नावाचे गाव आहे. नकाशात शोधायला चष्मा लागावा एवढे लहान. पण तमिळ मुलखात देवळातून पालखी निघाली किंवा लग्नाच्या मांडवात ताली बांधली गेली, की जे नागस्वर घुमते त्याचे हे माहेर. मार्च २०२२ मध्ये ‘नरसिंगमपेट्टै नागस्वरम’ला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या पैठणीला आणि कोल्हापुरी चपलेला मिळाले आहे, तेच.

मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो, आणि त्या प्रांतात घरी मराठी बोलणारी कुटुंबे अजून आहेत. त्यांच्या मराठीत तमिळ वळणे शिरली, आणि त्यांच्या लग्नात सनईच्या जागी नागस्वर आले. एवढ्या शतकांच्या शेजारानंतर त्यात नवल ते काय?

नागस्वर म्हणजे सनईची थोरली बहीण म्हणावी. अडीच फुटांच्या आसपास लांब, वरून निमुळते आणि खाली रुंद होत गेलेले. टोकाला कर्णा. वरच्या तोंडाशी धातूची छोटी नळी आणि तिच्यावर बोरूसारख्या वनस्पतीची जिभली. तिला तिकडे ‘सीवाळी’ म्हणतात. बोटांसाठी सात छिद्रे, आणि खालच्या भागात आणखी पाच. ही पाच बोटांनी झाकायची नसतात. त्यांचे काम वेगळे, ते पुढे येईल. सारे वाद्य ज्या लाकडातून निघते ते ‘आच्चा’ नावाचे. आपण त्याच झाडाला अंजन म्हणतो. खानदेशच्या रानात ते मुबलक होते, आणि भारतातील सर्वांत जड व कठीण लाकडांत त्याची गणना होते. कुऱ्हाडीला दाद न देणारे हे लाकूड नागस्वर करणाऱ्यांना मात्र ताजे चालत नाही. त्यांना ते जुने, मुरलेले हवे असते. पाडलेल्या घराचा खांब किंवा तुळई मिळाली तर सोन्याहून पिवळे! पन्नास-पाऊणशे पावसाळे आणि तितकेच उन्हाळे पाहिलेल्या त्या तुळईला जे काही वाकायचे, फुगायचे आणि आकसायचे असते ते सगळे करून झालेले असते.

अशी तुळई मिळाली, तिचा हातभर लांब तुकडा काढला, लेथवर चढवला आणि मधोमध आरपार भोक पाडायला घेतले, की कारागिराच्या कपाळावर आठी पडते. लांब गिरमिट लाकडात शिरल्यावर ते नेमके मधून चालले आहे की एका बाजूला सरकते आहे, हे बाहेरून दिसत नाही. लाकडाच्या रेषा वाकड्या असतील तर पाते त्या रेषेच्या मागे जाते. दुसऱ्या टोकाला बाहेर पडते तेव्हा कळते, की मध्य चुकला! मग भिंत एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ. पातळ बाजू पुढे कधीतरी तडकणार. आणि तुळई परत मिळत नाही. ती देणारे घर एकदाच पाडले जाते.

लाकूड आपल्या आसाभोवती फिरवून त्याला गोल आकार देण्याच्या या कामाला तमिळमध्ये ‘कडैसल’ म्हणतात. आपल्याकडे हे काम करणारा तो कातारी. सावंतवाडीची लाकडी खेळणी, पाळण्याचे खांब, पाटाचे पाय, लाटणी हे सारे त्याच्या हातचे. लाटण्याचेच उदाहरण घ्या. वरवर गोल दिसणारे लाटणे ओट्यावर घरंगळत सोडावे. ते सरळ न जाता लंगडत गेले, तर ते करणाऱ्याचा आस चुकलेला आहे असे खुशाल समजावे. त्या लाटण्याने लाटलेली पोळी एका बाजूला जाड राहते आणि बोल मात्र नव्या सुनेला लागतात!

कातारकाम आता घरोघरच्या हौसेचे होऊ लागले आहे, आणि त्याला कारण आहे सीएनसी यंत्र. कारखान्यांत ही यंत्रे कित्येक दशके आहेत. कोइमतूर, कोल्हापूर, पुणे येथे त्यांच्यावर पोटे चालतात. नवे आहे ते त्यांचे छोटे भावंड. जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत मावणारे, सुटे भाग पेटीतून येणारे, घरच्या विजेवर चालणारे. संगणकाने आकडे द्यायचे, त्या आकड्यांनुसार मोटारींनी पाते डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली न्यायचे. एवढे तीन आस असले की सपाट फळीवर नक्षी, नावाची पाटी, देव्हाऱ्याची जाळी निघते. पण हौस तेवढ्यावर थांबत नाही. मग चौथा आस जोडला जातो. त्यात एका टोकाला लाकूड पकडणारा चक आणि त्याला फिरवणारी मोटार असते, तर दुसऱ्या टोकाला लाकडाला टेकू देणारे अणकुचीदार टोक. आता लाकूडही हुकमाने फिरते. गोल खांब, पिळाचे पाय, बासरी, आणि हौशी मंडळींच्या फार मोठ्या आवडीची एक वस्तू यातून निघते, ती म्हणजे बिलियर्ड्स आणि स्नूकरची काठी, क्यू.

स्नूकर हा खेळ जबलपूरच्या छावणीत १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढला असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हा हा साहेबी खेळ म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. त्याची काठी साधी दिसते आणि तिथेच माणूस फसतो. लांबी साधारण ५८ इंच. मुठीकडे जाडी ३० मिलिमीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला अवघी साडेनऊ-दहा. दोन्हींच्या मध्ये एकसारखा उतार. खेळाडू तिला डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरतो आणि टेबलावर घरंगळत सोडतो. हीच ती लाटण्याची परीक्षा, फक्त इथे सूट मुळीच नाही.

थोडे थांबून पाहिले तर नागस्वर आणि क्यू ही एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत. दोन्ही लांब, दोन्ही निमुळती, दोन्ही कठीण लाकडाची, आणि दोन्हींत सारी मदार फिरण्याच्या आसावर. म्हणूनच घरच्या यंत्रावर काठी बिघडली की ती का बिघडली हे शोधण्याची रीत नागस्वराच्या कारागिरालाही परकी वाटणार नाही.

बिघाड कसा समोर येतो? बहुधा फार उशिरा. काठी गोल होते, गुळगुळीत दिसते. मग मुठीच्या भागावर दुसऱ्या रंगाचे लाकूड बसवण्यासाठी खाचा पाडायच्या असतात. चार खाचा, चारी दिशांना सारख्या अंतरावर. तीन खाचा ठीक पडतात, चौथी किंचित सरकलेली. किंवा काठीभोवती गुंडाळत जाणारी वेल कोरायला घेतली, तर तिचे शेवटचे टोक सुरुवातीच्या रेषेवर येतच नाही. इथे नवशिक्या माणसाचा पहिला विचार असतो, ‘यंत्रच भिकार आहे!’ दुसरा विचार असतो, ‘सगळे खोलून पुन्हा बसवू.’ दोन्ही घातक. पट्टा ताणला, स्क्रू आवळला, आकडा बदलला, मोटारचा वेग कमी केला आणि चूक गेली, तर नेमकी कशाने गेली हे कधीच समजत नाही. महिन्याने ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून.

शहाणी रीत अशी, की आधी चुकीचा स्वभाव ओळखायचा. त्यासाठी महाग लाकूड लागत नाही. गोल दांड्यावर कागद गुंडाळून चिकटवावा, पात्याच्या जागी पेन बांधावे आणि दांड्याच्या लांबीत एक सरळ रेघ ओढावी. मग यंत्राला सांगावे, दहा पूर्ण वेढे फिर. थांबले की तिथेच दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर ठीक. नाही बसल्या तर त्यांच्यातील अंतर मोजून ठेवावे. पुढे वीस वेढे, मग चाळीस. अंतर वेढ्यांच्या हिशेबात वाढत गेले, वीसला दुप्पट आणि चाळीसला चौपट, तर दोष लोखंडात नाही, आकड्यात आहे. अंतर कधी येते, कधी येत नाही, कधी एकदम मोठे येते, असे असेल तर काहीतरी निसटते आहे. आणि एकाच दिशेने फिरवले की चोख, पण उलट फिरवून परत आणले की चूक, असे असेल तर दात्यांमध्ये किंवा पट्ट्यात मोकळीक आहे. डॉक्टर जसा ताप रोज येतो की दिवसाआड, हे आधी विचारतो, तसेच हे.

आकड्याची चूक किती क्षुल्लक असू शकते ते पाहण्यासारखे आहे. या यंत्रांत वापरली जाणारी स्टेपर मोटार एका वेढ्याचे २०० टप्पे करते, म्हणजे एक टप्पा १.८ अंशांचा. तिला चालवणारा विजेचा भाग प्रत्येक टप्प्याचे सोळा बारीक तुकडे करतो, असे धरू. झाले ३,२००. मोटार आणि चक यांच्यामध्ये सहास एक या प्रमाणात पट्टा असेल, तर चकाच्या एका वेढ्याला १९,२०० ठोके लागतील. यंत्राला हा आकडा दर अंशाला किती ठोके, या हिशेबाने सांगावा लागतो. १९,२०० भागिले ३६० म्हणजे ५३.३३३, आणि पुढे तीन संपतच नाहीत. घाईत कुणी ५३.३३ एवढेच लिहिले, तर एका वेढ्यात सव्वा ठोकासुद्धा कमी पडत नाही. अंशात सांगायचे तर ०.०२२५. कोणाच्या लक्षात यावे? पण चाळीस वेढे घेणाऱ्या वेलीत ती चूक ०.९ अंश होते, आणि ३० मिलिमीटर जाडीच्या काठीवर तेवढ्या अंशांचे जवळजवळ पाव मिलिमीटर. जडावाच्या कामात पाव मिलिमीटर म्हणजे डोळ्याला दिसणारी फट. आता आणखी पुढे जा. काठी गोल करतानाच ती चारशे वेढे फिरली असेल आणि त्यानंतर, मधे कुठेही पुन्हा शून्य न लावता, खाचा पाडायला घेतल्या, तर चूक ९ अंशांची, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरहून अधिक. गोल करताना मात्र तिचा मागमूसही नव्हता, कारण गोल वस्तू कुठूनही सारखीच! दिवसाला पाच पैशांनी चुकणारा वाणसामानाचा हिशेब वर्षअखेर जसा डोके वर काढतो, तशी ही चूक अगदी शेवटी उघडी पडते. उपाय सोपा आहे. आकडा यंत्र घेईल तितक्या दशांश स्थळांपर्यंत लिहावा, आणि शक्य असेल तेव्हा दात्यांचे प्रमाणच असे निवडावे की भागाकार पुरा सुटेल.

आकड्याचीच आणखी दोन सोंगे आहेत. लाकूड सांगितल्याच्या बरोबर दुप्पट किंवा निम्मे फिरत असेल, तर त्या विजेच्या भागावरील बारीक खटके चुकीच्या जागी आहेत. सोळाऐवजी आठ किंवा बत्तीस तुकडे होत आहेत. आणि कधी एक वेढा मागितला तर लाकूड पंचवीस वेढे घेऊन वर थोडे पुढे जाते. भूत शिरल्यासारखे हे दृश्य पाहून घरातील मुले टाळ्या पिटतात. कारण असते इंच आणि मिलिमीटर यांचा घोळ. स्वस्त यंत्रे चौथ्या आसालाही सरळ रेषेतलाच आस समजतात. आज्ञा इंचात लिहिली असेल, तर अंशांनाही बिचारी २५.४ ने गुणतात. तसेच ३५० अंशांवरून १० अंशांवर जायचे असेल, तर माणूस पुढे वीस अंश जाईल. पण कित्येक यंत्रे तीनशे चाळीस अंश मागे फिरतात आणि वाटेतले चांगले काम कापून टाकतात. यंत्राने ते जाणूनबुजून केले असे नाही. त्याला ३६० नंतर पुन्हा शून्य येते, हे कुणी शिकवलेलेच नसते.

काहीतरी निसटते आहे अशी शंका असेल, तर हात आधी स्क्रूपाचरांकडे जावा. मोटारच्या दांड्यावर दातेरी चाक ज्या इवल्याशा स्क्रूने आवळलेले असते, तो दहापैकी बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो. दांडा आणि चाक दोन्हींवर मिळून एक पेन्सिलची रेघ मारून ठेवावी. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. रेघ अखंड असेल तर मोटारच ठोके गाळते आहे. फार वेगाने एकदम फिरवले, वजनदार लाकूड लावले, पाते खोल घुसवले, की तिला ते झेपत नाही. चूक झाल्याचे ती सांगतही नाही, कारण साध्या स्टेपर मोटारीला आपण कुठे आहोत हे कळतच नाही. ती हुकूम मोजते, चाल मोजत नाही. याशिवाय एक फसवी गोष्ट असते. काही यंत्रांत दोन हालचालींच्या मधल्या विश्रांतीत मोटारची पकड सोडून देण्याची सोय असते, वीज वाचावी आणि मोटार तापू नये म्हणून. त्या क्षणी पाते लाकडाला टेकलेले असेल तर लाकूड कणभर वळते, आणि पुढचे सगळे काम त्या कणभर वळलेल्या जागेवरून होते. ही सोय बंद ठेवावी.

आणि मोकळीक? ती कधीच पूर्ण जात नाही, फक्त कमी करता येते. पट्टा नीट ताणलेला हवा. पण तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला तर बेअरिंगे खाल्ली जातात. उरलेल्या मोकळिकीवर जुन्या कातारींची युक्ती आहे. प्रत्येक खुणेवर नेहमी एकाच बाजूने यावे. मागे जायचे असेल तर थोडे जास्त मागे जावे आणि मग पुढे येऊन खुणेवर थांबावे. स्वयंपाकघरात सैल नळ बंद करणारी गृहिणी नकळत हेच करते.

आता आसाचा खरा दोष. वर सांगितलेले सगळे सुधारले, रेघा एकमेकींवर बसल्या, तरी काठी एका टोकाला ठरल्यापेक्षा बारीक निघते. याचा अर्थ, चकाचा मध्य आणि समोरच्या टेकूचा मध्य यांना जोडणारी रेषा यंत्राच्या रुळांना समांतर नाही. टेकू नुसता ०.२ मिलिमीटर वर असला, तर त्या टोकाला लाकूड तेवढे उचललेले असते, आणि पाते ते चारी बाजूंनी कापते. व्यासात ०.४ मिलिमीटर गेले. साडेनऊ मिलिमीटरच्या टोकात हे फार झाले. टेकू आडवा सरकलेला असेल तर गोलाईवर फारसे दिसत नाही, पण त्यावर छिद्र पाडायचे झाले की छिद्राचे तोंड मध्याकडे न राहता बाजूला वळते. काठीला छिद्रे नसतात, नागस्वराला बारा असतात. हे तपासायला डायल गेज हवे. खात्रीच्या सरळ, गोल लोखंडी दांड्यावर ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी वरून आणि मग कडेने चालवून पाहावे. काटा हलला तर टेकूखाली पातळ पत्रा सारून तो स्थिर होईपर्यंत बसावे. कंटाळवाणे काम आहे. एक दुपार जाते. पण चौथ्या आसावर घालवलेल्या दुपारींत हीच सर्वांत कारणी लागते, यात शंका नाही.

एवढे होऊनही मधोमध जाड आणि दोन्ही टोकांना बरोबर अशी काठी आली, तर यंत्राला दोष देऊ नये. लाकूड पात्यापुढे वाकले आहे. लांब दांडा मधे दाबला की किती वाकतो याचा नियम फार कडक आहे. जाडी निम्मी केली की वाक सोळापट. लांबी दुप्पट केली की आठपट. म्हणून मधे आधार द्यावा आणि शेवटचे हात अगदी हलके घ्यावेत.

घरच्यांसाठी एक सूचना इथे घालायलाच हवी. फिरणाऱ्या लाकडाजवळ पदर, ओढणी, मोकळे केस, सैल बाही नको. कठीण लाकडाची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो. यंत्र स्वयंपाकघराशेजारी ठेवू नये हे तर कोणतीही गृहिणी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगते.

यंत्र निर्दोष झाले तरी लाकूड उरतेच. चांगला क्यू करणारा एका बैठकीत काठी पुरी करत नाही. थोडे कापतो आणि टांगून ठेवतो. काही आठवडे, कधी काही महिने. आतला ताण मोकळा होतो, काठी किंचित वाकते. मग पुन्हा थोडे कापायचे, पुन्हा टांगायचे. जी फार वाकली ती बाजूला. नरसिंगमपेट्टैची जुनी तुळई हाच धीर घेऊन आलेली असते. तिचे टांगून ठेवणे कुणाच्या तरी आजोबांच्या घराने आधीच करून ठेवलेले असते. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. हवा पाण्याने जड झाली की कच्चे लाकूड फुगते, पंगुनीच्या उन्हात आकसते. अशा हवेत कोवळ्या लाकडावर अचूक आस साधणे म्हणजे वाळूवर भिंत.

भोक वाकडे जाण्यावर मात्र जुन्या विद्येत आणि नव्या यंत्रशास्त्रात एकमत आहे. गिरमिट फिरवण्यापेक्षा लाकूड फिरवावे आणि गिरमिट स्थिर ठेवावे. मग पाते बाजूला जायला लागले तरी फिरते लाकूड त्याला पुन्हा मध्याकडे ढकलते. बंदुकीच्या नळ्यांचे भोक याच तत्त्वावर सरळ ठेवतात. फुंकवाद्ये करणाऱ्यांची दुसरी युक्ती आणखी चतुर आहे. आधी भोक पाडायचे, मग त्या भोकाच्याच दोन्ही तोंडांत टोके बसवून लाकूड फिरवायचे आणि बाहेरचा आकार द्यायचा. भोक थोडे तिरके गेले असले तरी बाहेरचे अंग आता त्याच्याभोवतीच गोल होते. आस चुकला असेल, तर चुकलेल्यालाच आस मानून पुढचे सारे त्याला जुळवून घ्यायचे! घरच्या सीएनसीवाल्याने ही एक गोष्ट जरी उचलली, तरी त्याची अर्धी लाकडे वाचतील.

मग उद्या नागस्वर यंत्रावरच का करू नये, हा प्रश्न येतो. तो टाळण्यासारखा नाही. गावात हे काम करणारे हात कमी झाले आहेत, आणि पिकलेला आच्चा दुर्मिळ आहे. एका तुकड्याचाही नाश परवडत नाही अशा वेळी भोक सरळ पाडून देणारे यंत्र शत्रू मानण्यात काय अर्थ? बाहेरचा उतार, छिद्रांची एक ओळ, त्यांची अंतरे हे सगळे यंत्र चोख करील. अडते ते पुढे.

त्याची साक्ष नागस्वराच्याच इतिहासात आहे. जुने नागस्वर आखूड आणि चढ्या स्वराचे होते. त्याला ‘तिमिरी’ म्हणत. त्यावर शुद्ध मध्यम चोख काढणे अवघड जाई, वादकाला फुंकीने आणि बोटांनी सावरून घ्यावे लागे. नरसिंगमपेट्टैच्या शेजारीच तिरुवावडुतुरै. तेथील टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८ ते १९५६) हे नागस्वराचे सम्राट मानले जातात. त्यांना खालच्या स्वरात घुमणारे आणि शुद्ध मध्यम सहज देणारे वाद्य हवे होते. नरसिंगमपेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी यांनी ते करून दिले. लांबी वाढवून आणि छिद्रांच्या जागा नव्याने बसवून जे लांब ‘पारी’ नागस्वर सिद्ध झाले, तेच आज सर्वत्र वाजते. कारागिराने करायचे, वादकाने फुंकायचे, कानांनी चूक सांगायची आणि कारागिराने पुन्हा करायचे. कागदाच्या दोन रेघा जुळतात की नाही हे पाहणे त्या मानाने सोपे आहे. इथे जुळवायचा होता तो एक मध्यम.

आणि खालच्या भागातली ती पाच छिद्रे. कारागीर ती पाडून देतो आणि तशीच उघडी ठेवतो. वाद्य हातात आल्यावर वादक सीवाळी ओली करतो, एक लांब षड्ज लावतो, ऐकतो. मग मेणाचा गोळा बोटांनी मऊ करून त्यातले एखादे छिद्र बुजवतो, पुन्हा फुंकतो. कमी वाटले तर आणखी एक. जास्त झाले तर नखाने थोडे मेण काढतो. त्यानंतर तविल सुरू होतो.